मूळ रंग तीनच काय?

मुलाला समजावें म्हणून सत्याला थोडी मुरड घालणें उचित कीं अनुचित, हा वाद नीतिशास्त्राच्या ग्रंथांत पुष्कळ झाला आहे. पण तो नित्य उभा राहतो तो शाळेच्या रंगपेटीपाशीं. अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत उपनगरांतील कितीतरी मुलें एलिमेंटरी व इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला-परीक्षांना बसतात. त्यांना आरंभींच सांगण्यांत येतें कीं मूळ रंग तीन: तांबडा, पिवळा आणि निळा, बाकीचे सारे यांच्या मिश्रणानें होतात. वाक्य सुटसुटीत आहे आणि चटकन पाठ होतें.

मग मूल तांबडा व निळा रंग कालवतें. व्हावयाचा जांभळा, पण बशींत उतरतो कांहींतरी मळकट, तपकिरीकडे झुकणारा. कारण पेटींतला तांबडा बहुधा शेंदरी वळणाचा असतो. पिवळ्याचा अंश त्यांत आधींच असतो, आणि तिन्ही एकत्र आले कीं रंग मरतो. गुलाबी झाकेचा तांबडा घेतला असता तर जांभळा उजळ आला असता. छापखान्यांत त्याच जातीची शाई वापरतात. हें मुलाला कोणी सांगितलेलें नसतें. नियम चुकणें शक्य नाहीं अशी त्याची श्रद्धा, म्हणून तें आपल्या हाताला दोष देतें. आमच्या मतें प्रश्न नैतिक होतो तो येथें.

वस्तुतः 'मूळ' कोणास म्हणावें हें ज्याच्या त्याच्या कामावर अवलंबून आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत नटाच्या रंगभूषेसाठीं श्वेत, नील, पीत व रक्त असे चार मूळ रंग सांगितले आहेत; विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्र पांच धरतें, आणि त्यांत काळा-पांढराहि मोजतें. अजिंठ्याच्या चितार्‍यांनीं गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना व काजळी यांवर बरेंचसें भागविलें. निळ्यासाठीं मात्र त्यांच्यापाशीं अफगाणिस्तानचा लाजवर्द पोंचला होता. हिरवी माती हाताशीं असतां तेथें हिरव्याला 'दुय्यम' कोण म्हणणार? आणि आजच्या मोबाइलच्या पडद्यावर तर तांबड्या व हिरव्या प्रकाशानें पिवळा होतो! हें एखाद्या चौकस मुलीनें वर्गांत विचारलें, तर तिला 'तें अभ्यासक्रमांत नाहीं' असें उत्तर मिळूं नये.

एकटा रंगहि आपल्या जागीं स्थिर नसतो. पॅरिसच्या गोब्लँ येथील गालिचे-पडद्यांच्या कारखान्यांत काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हां शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाला दोष रंगांत न सांपडतां शेजारच्या रंगांत सांपडला. त्यावरील त्याचा ग्रंथ 1839 मध्यें प्रसिद्ध झाला. आमच्या आज्यांना हें ग्रंथावांचून ठाऊक होतें. काळ्या चंद्रकळेला कोणता काठ शोभेल, हें दुकानांत काठ अंगाला लावून पाहिल्याखेरीज त्या ठरवीत नसत.

यावर शिक्षक म्हणतील, 'पण आरंभ कोठून तरी करावयास हवा ना?' हें म्हणणें आम्हांला मान्य आहे. व्याकरण जाणणारा माणूसहि लहान मुलाला पहिल्याच दिवशीं अपवाद सांगत नाहीं. परंतु गाणें शिकवितांना गुरुजी एक षड्ज धरतात, आणि दुसर्‍या गळ्याला दुसरा षड्ज लागतो हें लपवून ठेवीत नाहींत. आरंभ ठरविणें वेगळें, आणि तोच एकमेव आहे असें भासविणें वेगळें. पहिल्याची गरज आहे. दुसर्‍यानें मुलाचा आपल्या डोळ्यांवरचा विश्वास जातो, आणि तो एकदां गेला कीं पुढें बोरिवलीच्या कान्हेरीला चौतिसाव्या लेण्याच्या छतावरचें अपुरें बुद्धचित्र पाहतांनाहि तें मूल आधीं पाटीवरचा मजकूर शोधतें.

'आपल्या या पेटीपुरते हे तीन मूळ धरूं,' एवढें म्हणावयास कितीसा वेळ लागतो? परीक्षेंतला एकहि गुण त्यानें कमी होत नाहीं.