येतो हं!

खोटं बोलू नये, हे मला आईनं शिकवलं. आणि नको असलेला पाहुणा दारात दिसला की 'बाबा घरी नाहीत म्हणून सांग', हेही आईनंच शिकवलं. या दोन शिकवणुकींत काही विरोध आहे, हे ध्यानात यायला मला चिनी भाषा शिकावी लागली, आणि तीसुद्धा बीजिंगला जाऊन.

२००६च्या सप्टेंबरात मी तिथं पोचलो. चिनी ही मोठी नामी भाषा. 'मा' सपाट सुरात म्हटलं तर आई, खाली नेऊन वर आणलं तर घोडा, आणि वरून खाली आपटलं तर शिव्या देणं! रोज सकाळी आठला श्रुतलेखन, मग दुपारपर्यंत घसा फोड. एकदा खाणावळीत 'श्वेइच्याओ', म्हणजे पाण्यात उकडलेल्या करंज्या, केवढ्याला म्हणून विचारायला गेलो, सूर चुकला, आणि वाढणाऱ्या मुलीला 'झोपायचे किती?' असं विचारून बसलो. जिथं खरं बोलायलासुद्धा आधी सूर लागावा लागतो, तिथं खोट्याची काय कथा!

आमच्या वसतिगृहाच्या दाराशी एक बाई बसायच्या. सगळे त्यांना 'आयी' म्हणत. चिनीत आयी म्हणजे मावशी. 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण त्या भाषेत कशी सांगावी, या विचारात माझा एक आठवडा गेला.

मावशी रोज विचारायच्या, 'छ्र ल मा?' म्हणजे, जेवलास का? पहिल्या दिवशी मी इमानेइतबारे सांगितलं की नाही, भाजीत डुकराचं मांस निघालं, मी शाकाहारी आहे. दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत कोबीच्या भाजीचा डबा! मग वर्गातल्या एका कोरियन मित्रानं समजावलं, की बाबा रे, हा नुसता नमस्कार असतो. उपाशी असलास तरी 'जेवलो' म्हणायचं. हे मला लगेच जमलं. दर रविवारी फोनवर आईला मी तेच सांगत होतो.

हळूहळू लक्षात आलं की इथलं सगळं आपल्यासारखंच आहे. कुणी स्तुती केली की 'नाली, नाली', म्हणजे 'कुठं, कुठं' म्हणायचं. निघणाऱ्याला 'मान त्सौ', म्हणजे अगदी शब्दशः 'सावकाश जा'. आता बघा, आपणही निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. सबंध महाराष्ट्र रोज उंबरठ्यावर उभा राहून धडधडीत खोटं बोलतो आणि कुणालाही पाप लागत नाही. यावरून मी एक सिद्धांत बसवला: शिष्टाचाराचं खोटं हे खोटं नव्हेच. बोलणाऱ्याला ठाऊक, ऐकणाऱ्याला ठाऊक. मग फसलं कोण?

जानेवारीत सुट्टीचे बेत सुरू झाले. जमिनीवर नकाशा पसरून कुणी शीआन म्हणे, कुणी खुनमिंग. शेवटी हार्बिन ठरलं. बर्फाचे महाल बघायला. त्याच संध्याकाळी मावशी म्हणाल्या, 'नव्या वर्षाला आमच्या गावी ये. शिजियाझुआंगजवळच आहे. तुमच्या डॉक्टरांची समाधी दाखवते.'

तुमचे डॉक्टर म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यातले हे. तिथं यांचं नाव 'ख तीह्वा'. चिनी भाषा शिकले, चिनी परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं 'यिनह्वा'. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन.

मी तोंड भरून म्हणालो, 'यीतिंग लाय!' नक्की येतो! तेव्हा हार्बिनच्या तिकिटाचे पैसे मोजून खिशात ठेवले होते. पण त्यात काय? आपणही म्हणतोच की 'या एकदा जेवायला'. त्यावर कुणी ताट मांडून बसतं का?

डुकराचं वर्ष १८ फेब्रुवारी २००७ला लागलं. (शाकाहारी माणसाच्या वाट्याला वर्ष आलं तेही असं.) मी हार्बिनला होतो. महाल सुंदर होते. थंडीनं माझा कॅमेरा मिटला तो पुन्हा उघडला नाही.

मावशी पंधरा दिवसांनी परतल्या. 'रात्री बारापर्यंत थांबलो,' त्या म्हणाल्या. 'तुझ्यासाठी कोबी आणि टोफूच्या करंज्या वेगळ्या केल्या होत्या. वेगळ्या पातेल्यात उकडल्या. सगळ्या गावाला सांगितलं होतं, ख तीह्वांच्या देशचा मुलगा येतोय.'

'मला वाटलं, तुम्ही सहज म्हणालात,' हे मला सांगायचं होतं. 'सहज'ला शब्द सापडेना. सापडला असता तरी बोलवलं नसतं. मावशी म्हणाल्या, 'मेइ क्वानशी.' काही हरकत नाही. आणि माझ्याच सिद्धांताप्रमाणे हे शिष्टाचाराचं खोटं होतं, म्हणजे हरकत होती.

एप्रिलमध्ये मी मावशींबरोबर समाधीपाशी जाऊन आलो. कोटणीसही घरून 'येतो' म्हणूनच निघाले असतील; मराठी माणूस दुसरं काय म्हणणार? ते आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच हपेइ प्रांतात गेले. त्यांच्या 'येतो'ला खोटं म्हणायची माझी छाती नाही. शब्द तोच, माझा आणि त्यांचा. तिथं उभा असताना माझा हात उगीचच खिशाकडे गेला.

जुलैत निघालो. सामान टॅक्सीत टाकलं. मावशींनी विचारलं, 'पुन्हा येशील ना?' 'यीतिंग लाय' अगदी जिभेवर आलं होतं. पण आता खोटं बोलायचं नाही, असा निश्चय केलेला. सगळे सूर सांभाळून, एक एक शब्द नीट उच्चारून मी म्हणालो, 'मावशी, बहुतेक नाही जमणार.'

मावशींचा चेहरा पडला. थोडा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग माझ्या कोटाची कॉलर नीट करत म्हणाल्या, 'अरे, येतो म्हणायचंस तरी.'