जिभेचा न्याय



पंगतीत कारल्याची भाजी आली की मी दोनदा मागून घेई. गोडाला मात्र हात लावत नसे. कीर्तनात हीच फुशारकी मारून जिभेचे चोचले पुरवणाऱ्यांची टिंगल करी. समोर आमच्याच दिंडीतला एक स्थूल टाळकरी उभा असे. लोक त्याच्याकडे पाहून हसत. पुढे तो कीर्तनाला येई, पण पंगतीला बसेना. हे मला फार उशिरा उमगले.

१९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत एक पूड उडाली. सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्स यांना काहीच लागेना. पुढे कळले, हा फरक मुख्यतः एका जनुकाचा. आईबापांकडून ते ज्या रूपात येते, त्यावर काही कडू चवी किती तीव्र लागतील हे ठरते.

भुकेचेही तसेच. शरीरातील चरबी लेप्टिन नावाच्या द्रव्यातून मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप धाडते. त्याचे जनुक १९९४ साली सापडले. क्वचित काही मुलांच्या शरीरात हे द्रव्य जन्मतःच तयार होत नाही. त्यांची भूक शमतच नाही. लेप्टिन टोचल्यावर तीच मुले बेताने जेवून उठू लागली. माझ्या कोणत्या निरूपणाने हे साधले असते?

मग मी स्वतःकडे पाहिले. ज्याची ओढच नाही, ते सोडण्यात त्याग कसला? विषय सुटले तरी त्यांची गोडी मागे उरते, असे गीतेचा दुसरा अध्याय सांगतो. मी ताट पाहत राहिलो, गोडी पाहिलीच नाही.

तुम्ही म्हणाल, मग संयम नकोच का? हवा. निरोप मेंदूचा असला तरी बहुतेकांना थोडा तरी विचार करायला जागा उरते. सवयीने चवही बदलते. पण कोणाची ओढ किती जड, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून संयमाचे माप स्वतःलाच लावावे. दुसऱ्याच्या ताटाला लावू नये.

गेल्या सप्ताहात काल्याच्या दिवशी मी त्या टाळकऱ्याच्या घरी गेलो, पाया पडलो, आणि पंगतीत त्याला शेजारी बसवले. बुंदी वाढायला आली. त्याने एकदा घेतली, दुसऱ्यांदा हळूच ‘नको’ म्हटले.

त्याचा तो एक ‘नको’ माझ्या चाळीस वर्षांच्या ‘नको’पेक्षा जड होता.