टिकाऊपणा कोणाचा?

गेल्या पावसाळ्यांत पुतण्यानें मला विचारलें, "काका, जन्मभर पुरेल अशी सायकल घ्यावयाची, तर सांगाडा कशाचा घ्यावा? पोलादाचा, ॲल्युमिनियमचा कीं कार्बनतंतूंचा?" आम्ही पारशिवनीस घरच्या पडवींत बसलों होतों, समोर भिंतीशीं माझ्या वडिलांची जुनी सायकल टेकलेली होती.

पदार्थविज्ञानाचें उत्तर बरेंच स्पष्ट आहे. ठराविक मर्यादेच्या आंतला ताण पोलाद लाखों वेळां सोसूनहि थकत नाहीं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाहीं. प्रत्येक हिसक्याचा अल्पसा शीण त्यांत सांचत राहतो. मात्र तें वजनानें पुष्कळ हलकें असून पोलादासारखें गंजत नाहीं. कार्बनतंतू सर्वांत हलके. परंतु आघातानंतर त्यांची आंतली इजा बाहेरून दिसेलच असें नाहीं. पोलाद बहुधा मोडण्यापूर्वीं वांकतें, म्हणजे आगाऊ सूचना देतें. १९३५ सालीं इंग्लंडांत निघालेल्या रेनॉल्ड्सच्या प्रसिद्ध '५३१' नळ्या मँगेनीज व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्याच होत्या. आणि मँगेनीजच्या खाणी तर आमच्या शेजारीं मनसर-कांद्रीस आहेत.

तेव्हां पोलाद घ्यावें, इतकें सांगून मी थांबलों असतों. पण समोरची सायकल थांबूं देईना. तिच्या सांगाड्यास दोन ठिकाणीं पितळेचा डाग आहे. वडील दर पावसाळ्यापूर्वीं तिला तेल लावीत. मग ती टिकली ती पोलादामुळें, कीं डाग देणाऱ्या कारागिरामुळें, कीं वडिलांमुळें? टिकाऊपणा हा एकट्या धातूचा गुण नव्हे. धातु, कारागीर आणि धनी या तिघांचा तो करार होय.

येथें जुन्या काळाची आरती ओवाळण्याचा मोह होतो; तो आवरला पाहिजे. वडिलांनीं दुसरी सायकल घेतली नाहीं, कारण तेवढा पैसा नव्हता. निरुपायास सद्गुण म्हणणें प्रामाणिकपणाचें नाहीं. खरी कसोटी आमची आहे. नवें घेण्याची ऐपत असतां जुनें सांभाळणें, हा मात्र निवडीचा, म्हणूनच नीतीचा प्रश्न ठरतो.

त्या कसोटीस मी उतरलों नाहीं. वडील गेल्यावर त्या सायकलीस तेल लावण्याचें काम माझें होतें. तें मीं केलें नाहीं, आणि आतां तिची खालची नळी गंजली आहे. म्हणून पुतण्यास म्हणालों, "आपल्या गांवीं सांधतां येईल असा धातु घे. पण तेल लावण्यास माझ्यासारखा विसरणार असशील, तर ॲल्युमिनियमच बरें."