शेगावचं उदाहरण चुकीच्या माणसाला सांगितलं जातं

अकोल्याच्या एमआयडीसीतली कंपनी असो की अमरावतीची एखादी पतसंस्था, वार्षिक कार्यक्रमात साहेब बोलायला उभे राहिले की पाच-दहा मिनिटांत गाडी शेगावला पोहोचतेच. 'तिथले सेवेकरी बघा. पगार नाही, कुरकुर नाही, हातात झाडू असला तरी तोंडात माउली. आणि आपल्याकडे?' समोर बसलेल्यांना हे पाठ झालेलं असतं. ज्या वर्षी पगारवाढ द्यायची नसते, त्या वर्षी शेगाव भाषणात जरा लवकर येतं.

उदाहरण खोटं नाही. शेगावचं श्री गजानन महाराज संस्थान जिल्ह्यानं बुलडाण्याचं, पण वऱ्हाडात असं घर विरळाच, ज्यातलं कोणी तिथे गेलेलं नाही. एरवी एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा आपला माणूस तिथल्या रांगेत निमूट उभा राहतो. भक्तनिवासाची खोली, महाप्रसादाची पंगत, संडास-बाथरूम, सगळं जागच्या जागी. या घडीमागे शिवशंकरभाऊ पाटील होते. साठच्या दशकापासून 4 ऑगस्ट 2021 ला त्यांचं निधन होईपर्यंत संस्थानाचा कारभार त्यांच्या नजरेखाली वाढला. 1983 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, पुढे पाण्याची कायम ओढ असलेल्या मुलखात आनंदसागर उद्यान उभं राहिलं. मॅनेजमेंट शिकणारी पोरं तिथे वह्या घेऊन जाऊ लागली.

माझं म्हणणं एवढंच की ही गोष्ट कामगारांना सांगण्याची नाही. ती साहेबांनी ऐकण्याची आहे.

भाऊंच्या जागी बसून पाहा. एखाद्या खेड्यातला शेतकरी चार दिवस वावर भावाच्या भरवशावर टाकून सेवेला येतो. त्याचा पगार कापता येत नाही, कारण तो नाहीच. मेमो देता येत नाही, बढतीचं आमिष दाखवता येत नाही. मनातून उतरला तर उद्या तो पिशवी उचलून गावी जाईल. शिवाय माणसं पाळीपाळीनं येतात. जुनी तुकडी तयार होते न होते, तोच तिची घरी जायची वेळ. मॅनेजरच्या हातातली दोन्ही जुनी हत्यारं, पैसा आणि भीती, इथे काढून घेतलेली आहेत. तरीही काम चालतं, आणि पगारी कचेरीपेक्षा नेटकं चालतं. मग हातात उरतं काय?

चपलांच्या स्टँडवर थोडा वेळ उभं राहिलं तर उत्तर दिसतं. चपला घ्यायच्या, टोकन द्यायचं, टोकन बघून परत करायच्या. पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला पहिल्या तासात जमेल इतकं ते काम कातरून ठेवलेलं आहे. त्याची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, त्याच्यानंतर कोण उभं राहणार तेही ठरलेलं. 'हे कोणाला विचारू?' म्हणून कोणाच्या केबिनबाहेर ताटकळायचं काम नाही. आता आपली कचेरी आठवा. निम्मा दिवस जातो तो नेमकं करायचं काय आणि सही कोणाची लागेल हे शोधण्यात, आणि मग संध्याकाळी साहेब म्हणतात, पोरांमध्ये निष्ठा राहिली नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: अहो, ते देवाचं काम, तिथे भक्ती आहे. आहेच. पण भक्ती महाराष्ट्रातल्या दुसऱ्या शेकडो देवस्थानांतही आहे, आणि तिथे गाभाऱ्याच्या तोंडाशी काय रेटारेटी चालते ते आपण अंगावर घेतलेलं आहे. भक्ती माणसाला दारापर्यंत आणते. आत त्याच्या हाताला नीट काम द्यायचं की नाही, हा भाग माणसांच्या कारभाराचा. आणि संस्थानात पगारी माणसंही आहेत, हे भाषणांत येत नाही. फुकट राबणारी माणसं मिळणं हे शेगावचं मर्म आहे, असं ज्याला वाटतं त्याला भाऊंचं नाव घ्यायचा अधिकार नाही.

व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी 1989 मध्ये, कंपन्यांनी सेवाभावी संस्थांकडून काय शिकावं, या विषयावर लेख लिहिला होता. बिनपगारी माणूस टिकवायचा तर काम कशासाठी चाललंय ते त्याला लख्ख कळलं पाहिजे, हा त्यातला एक मुद्दा. वऱ्हाडात एवढं सांगून भागत नाही. इथला माणूस आधी बघतो की सांगणारा स्वतः काय खातो. भाऊ संस्थानाचं पाणीसुद्धा पीत नसत, असं शेगावात आजही सांगतात. कारखान्याच्या मॅनेजरनं उपाशी राहावं असं मी म्हणणार नाही. त्यानं पगार घ्यावा आणि चांगला घ्यावा. पण ओव्हरटाइमचे पैसे अडलेले असताना गेटसमोर साहेबांची नवी गाडी उभी राहिली, की तिचा रंगसुद्धा खात्यातल्या प्रत्येकाला पाठ असतो.

आधी स्वतः करायचं, मग सांगायचं, हे गाडगेबाबांनी फार पूर्वी करून दाखवलं होतं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस गावात शिरला की आधी खराटा स्वतः चालवायचा, कीर्तन रात्री. धर्मशाळा बांधल्या त्या त्यांनी घरच्यांची सोय म्हणून बांधल्या नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. उभं केलेलं सोडून देणं कोणत्याच मॅनेजरला सोपं जात नाही. निवृत्त झाल्यावरही सकाळी दहाला कचेरीत चक्कर मारणारे आपल्या ओळखीत आहेतच. काम माणसाला जमेल असं कातरण्याचा दाखलाही इथलाच आहे. अमरावतीच्याच डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, दाजीसाहेबांनी, 1946 मध्ये तपोवन काढलं आणि ज्यांच्याकडे समाज भीक मागणारे हात म्हणून बघत होता, त्या कुष्ठरुग्णांना काम दिलं. बोटं झडलेल्या हातांना काम नेमायचं तर आधी माणूस बघावा लागतो, मग काम. आपल्याकडे खुर्ची आधी रिकामी होते आणि तिच्यात बसेल असा माणूस शोधतात.

या सगळ्याची खरी परीक्षा मात्र देवळात किंवा आश्रमात नसून जिनिंगमध्ये आहे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की सरकी वेगळी करणाऱ्या रेच्या रात्रंदिवस फिरतात. शेडमध्ये हवेत रुईचे तंतू, बाया तोंडाला फडकं बांधून कापूस पुढे सारतात, मुकादम ओरडतो. माणसं बहुतेक ठेक्यावरची, हंगाम संपला की पांगणारी. म्हणजे इथेही शेगावसारख्याच बदलत्या तुकड्या, फरक इतकाच की इथे भक्ती नाही आणि मजुरीही बेताची. कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला, ठिणगी उडाली, तर आग गंजीपर्यंत जायला वेळ लागत नाही. ती ठिणगी आधी दिसते रेचीजवळच्या बाईला. केबिनमधल्या मॅनेजरला ती दिसते तेव्हा धूर झालेला असतो.

ती बाई मशीन बंद करायला ओरडेल की नाही? मागच्या खेपेला ती ओरडली, काही निघालं नाही आणि अर्धा तास फुकट गेला म्हणून मुकादमानं तिची रोजी कापली असेल, तर ती आता गप्प बसेल. टोयोटाच्या कारखान्यात साध्या कामगारालाही दोरी ओढून अख्खी लाइन थांबवता येते; ते जपानचं कौतुक म्हणून आपण ऐकतो आणि विसरतो. वऱ्हाडातल्या जिनात दोरी लावायला खर्च नाही. खर्च आहे तो विनाकारण ओढली गेलेली दोरी हसून सोडून देण्याचा, तो अर्धा तास मालकासमोर स्वतःच्या नावावर घेण्याचा. 'बाईनं थांबवलं' असं न सांगता 'मी थांबवलं' असं फोनवर सांगणारा मॅनेजर ज्या जिनाला मिळाला, तिथल्या बाया पुढच्या हंगामात ठेकेदाराला त्याच जिनाचं नाव घेऊन विचारतात.