कृपा कमवावी लागत नाही

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठीची यात्रा भरते, तेव्हा मराठवाड्यातल्या विहिरी तळ गाठू लागलेल्या असतात. ज्यांच्या रानात यंदा काही पिकलं नाही, तेही दिंडीबरोबर चालत येतात. देवाकडून त्यांना नेमकं मिळतं काय? दर्शनाने कर्ज फिटत नाही. २०१५ साली याच विभागात हजारावर शेतकऱ्यांनी जीव दिला. त्यांत माळकरीही असतीलच. म्हणून श्रद्धा हा हमखास उपाय आहे असं म्हणणं त्या घरांवर अन्याय करणारं ठरेल. पण नापिकी माणसाला कर्जात लोटते, तर भावकीत मान खाली गेल्याची लाज त्याला एकटं पाडते, आणि कृपेचा विचार या लाजेच्याच मुळावर घाव घालतो. कृपा लायकी पाहून होत नाही. जे कमावलेलंच नाही, ते पीक बुडाल्याने हातचं जातही नाही.

तुकोबांचं चरित्र याची साक्ष देतं. १६३० च्या दुष्काळात दख्खन उजाड झाली, त्यांचं दिवाळं निघालं, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. देहूत पत असलेल्या घराची पत संपली. परंपरा सांगते की पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. स्वतः नागवल्यानंतर दुसऱ्याचं देणं सोडून देणं, हे मला त्यांच्या भक्तीचं सर्वांत ठोस प्रमाण वाटतं.

देवावर हवाला ठेवणारा समाज हक्क मागायला विसरतो, हा आक्षेप खरा गंभीर आहे, कारण दुःखाला पूर्वजन्मीचं पाप म्हणणारे आजही भेटतात. पण तो कर्मफळाचा हिशेब झाला; कृपा नेमका तोच हिशेब मोडते. शिवाय १९७२ च्या दुष्काळात इथल्याच लोकांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, कामासाठी मोर्चे काढले, आणि त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. देवाकडे कृपा मागावी, सरकारकडे हक्क. या दोन मागण्यांत वैर नाही. एकाच्या शिवारात पाऊस आणि दुसऱ्याच्या का नाही, याचं उत्तर मात्र श्रद्धेपाशी नाही, आणि तिने तसा आव आणू नये. म्हणून सप्ताहात उभ्या राहणाऱ्या कीर्तनकारांना विनंती आहे: कर्जाने वाकलेल्या श्रोत्याला त्याची पापं सांगू नका, तो देवाला नकोसा झालेला नाही, हे सांगा, आणि कीर्तन संपल्यावर त्याच्या घरी जा.