दान की देणे?

भीक आणि बलुते ह्यांतील भेद खेड्यातील मनुष्यास कोणी शिकवावा लागत नाही. पूर्वी सुगीच्या दिवसांत सुतार, लोहार, कुंभार खळ्यावर येऊन उभे राहत, ते हात पसरण्यासाठी नव्हे, तर वर्षभर केलेल्या कामाचा वाटा नेण्यासाठी. भिकाऱ्याच्या झोळीत पडणाऱ्या मुठीस देणाऱ्याची मर्जी हेच माप होते. बलुत्याचे माप रीतीने ठरलेले असे. त्या रीतीतही पुष्कळ अन्याय होता. ज्यांस गावाने वेशीबाहेर ठेविले, त्यांच्याकडून काम फार घेतले जाई आणि पदरात थोडे पडे, हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे. तरी ‘हे माझे आहे’ असे म्हणण्याची सोय बलुत्यात होती. भिकेत ती नव्हती.

वाचकहो, हाच भेद मनात धरून एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. गरिबाच्या लेकरास शाळा मिळते, ते दान होय, की देणे होय?

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले म्हणजे वाघोली लागते. २०२१ साली हे गाव पुणे महानगरपालिकेत आले, आणि आता तेथे उंच इमारतींची दाटी झाली आहे. परंतु वाघोलीची जुनी ओळख दगडखाणींची आहे. खडी फोडण्यासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून कुटुंबे येथे आली. खाणीच्या कडेलाच त्यांची पाले व झोपड्या पडल्या. आईबाप दगड फोडावयास जात आणि मोठे मूल धाकट्यास सांभाळी. शाळा दूर; वाटेने भरलेल्या गाड्या धावत; शिवाय काम संपले की बिऱ्हाड दुसऱ्या खाणीवर हलत असे. अशा मुलांसाठी विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘संतुलन’ ह्या संस्थेने खाणींतच वर्ग भरविण्यास आरंभ केला. त्यांस ‘पाषाण शाळा’ असे नाव पडले. जेथे मूल आहे तेथे शाळा गेली, हे उत्तम झाले. तथापि प्रश्न उरतोच. ही संस्था वाघोलीस गेलीच नसती, तर त्या मुलांनी कोणापाशी काय मागावयाचे होते?

मागणे म्हणजे काय, हे पुण्यातच एका पुरुषाने फार पूर्वी सांगितले होते. जोतीराव फुले ह्यांनी १८८२ साली हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढे निवेदन ठेविले आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. त्यांच्या निवेदनात दयेची याचना नव्हती, हिशेब होता. सरकारचा खजिना रयतेच्या घामाने भरतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे रयतेच्या मुलांची शाळा हे सरकारावरील ऋण आहे, असाच त्याचा अर्थ. पुण्याचेच गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणिले. पुढील वर्षी ते नामंजूर झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानापुरते शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि जे आईबाप मुलास शाळेत धाडणार नाहीत त्यांस दंड ठरविला.

२६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. तिच्या ४५ व्या अनुच्छेदात असे लिहिले होते की, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने दहा वर्षांच्या आत करावा. परंतु हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत घातले होते. त्याच्या आधारे कोणास न्यायालयात दावा लाविता येत नसे. कर्ज कागदावर लिहिले होते, पण वसुलीची वाट ठेविली नव्हती. दहा वर्षे १९६० साली संपली. त्यानंतरही तीस वर्षांहून अधिक काळ लोटला.

मग १९९३ साली उन्नीकृष्णन ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, चौदा वर्षांपर्यंतच्या बालकाचे शिक्षण हा त्याचा मूलभूत हक्क होय, कारण घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने ज्या जीविताचे रक्षण होते, त्यातच शिक्षण येते. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती होऊन २१-क हा नवा अनुच्छेद आला आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास हा हक्क स्पष्ट शब्दांत मिळाला. २००९ साली त्यासाठी कायदा झाला, व १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. ह्या कायद्यात ‘सक्ती’ ह्या शब्दाचा अर्थ पालटला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पूर्वीची सक्ती आईबापांवर होती; ही सक्ती सरकारावर आहे. मूल शाळेत आले नाही, तर त्यास आणणे, बसविणे व त्याचे शिक्षण पुरे करविणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. कोण देणेकरी आणि कोण घेणेकरी, हे फुल्यांच्या हिशेबाप्रमाणे अखेर लिहिले गेले. त्यास एकशेवीस वर्षांहून अधिक काळ लागला.

घटनेत लिहिलेल्या हक्काने काय फरक पडतो, ह्याचे एक ताजे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. वर सांगितलेल्या कायद्याप्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातील निदान शेकडा २५ जागा दुर्बल व वंचित घरांतील मुलांस द्यावयाच्या असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला आणि ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तीस ह्या बंधनातून मोकळे केले. हे दान असते, तर दात्याने मूठ आवळली म्हणून कोण काय बोलणार? परंतु ते देणे होते. पालक न्यायालयात गेले, आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल घटनाविरोधी म्हणून रद्द केला.

येथे कोणी भला मनुष्य अशी शंका काढील की, सर्वच गोष्टी हक्काच्या झाल्या तर प्रीतीस जागा कोठे राहील? घेणाऱ्याच्या मनातील कृतज्ञता व देणाऱ्याच्या मनातील कळवळा ही दोन्ही आटतील. शंका खोटी नाही. जेव्हा कोणताही कायदा नव्हता, तेव्हा मिशनच्या शाळांनी टाकून दिलेल्या मुलांस अक्षरे शिकविली. स्वतः जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. तो उपकार विसरणे हे कृतघ्नपण होईल. परंतु दानावर उभी असलेली शाळा दात्याचा पैसा आटला म्हणजे बंद पडते, आणि त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या मुलास ‘का?’ असे विचारण्याचाही अधिकार नसतो.

शास्त्रातील रूथेची कथा आपण सर्व जाणतो. शेताचे कोपरे कापू नयेत, गळालेली कणसे वेचू नयेत, ती गरिबाची व उपऱ्याची होत, असा नियम होता. परदेशी विधवा बवाजाच्या शेतात शिरली ती त्या नियमाच्या आधारे. नंतर बवाजाने आपल्या गड्यांस सांगितले की, पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे तिच्यासाठी पडू द्या. ती त्याची प्रीती होय. आधी नियमाचे देणे फिटले, मग प्रीतीची मूठ वर पडली. जो मनुष्य देणे बुडवून त्याच धान्यातून दान करितो, तो दुसऱ्याच्या मालावर पुण्य जोडतो.

हा विचार आपल्या स्वतःच्या दारापर्यंत नेला पाहिजे. घटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्य समाजांस आपल्या शाळा स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. त्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविले की, २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा अल्पसंख्यांच्या शाळांस, त्या अनुदानित असोत वा नसोत, लागू नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने त्या निर्णयाविषयी शंका दाखवून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठविला. निकाल कसाही होवो, आपल्या विवेकापुढील प्रश्न न्यायालय सोडविणार नाही. ३० वा अनुच्छेद दुबळ्या समाजास ढाल म्हणून दिला आहे. त्याच ढालीने खडी फोडणाऱ्याच्या मुलास दाराबाहेर ठेवावयाचे काय? कायद्याने ज्या शाळेस शेकडा २५ जागांतून मोकळे केले, त्या शाळेने आपण होऊन तितक्या जागा दिल्या तर कोणताही न्यायाधीश तिला अडविणार नाही.

हक्क एकीकडे व कर्तव्य दुसरीकडे, असेही नाही. ज्या घटनादुरुस्तीने बालकास हक्क दिला, तिनेच ५१-क ह्या अनुच्छेदात आईबापांवर त्यास शिक्षणाची संधी देण्याचे कर्तव्य घातले. परंतु ज्या आईस हक्काचीच वार्ता नाही, तिने कर्तव्य कसे करावे? येथे मंडळीच्या पाळकांचे व उपदेशकांचे काम सुरू होते. आपल्या गावाजवळ खाण असेल, वीटभट्टी असेल, ऊसतोडीची पाले पडली असतील, तर तेथे जाऊन पुढील गोष्टी साध्या शब्दांत सांगाव्या. जन्माचा दाखला नाही म्हणून शाळा मुलास परत पाठवू शकत नाही. जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, तरी प्रवेश थांबत नाही. वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलासही घ्यावे लागते. दहा वर्षांचे मूल कधीच शाळेत गेले नसेल, तर त्यास त्याच्या वयाच्या वर्गात बसवून मागे पडलेले शिकविणे हे शाळेचे काम आहे. हे सांगून परत येऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आईबरोबर मुख्याध्यापकांकडे जावे, आणि विनंतीचा अर्ज न करिता, नम्रपणे परंतु उभ्यानेच, मुलाचे नाव पटावर लिहून घेण्यास सांगावे.