रविवारची मॅच आणि सोमवारचे मैदान

प्रश्न : पाळकसाहेब, आम्ही नगरला राहतो. आमची तीन मुले (वय 12, 9 आणि 6) शाळेत जात नाहीत. मी त्यांना घरीच शिकवते, पुढे मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसवायचे आहे. मोठा मुलगा फुटबॉलच्या क्लबमध्ये जात होता. पण सामने रविवारी सकाळी, नेमके उपासनेच्या वेळेला ठेवायला लागले, म्हणून आम्ही त्याचे नाव काढून घेतले. तेव्हापासून तो घुम्या झाला आहे. सासूबाई म्हणतात, मुले घरकोंबडी झाली. यांचे म्हणणे असे की, शास्त्रानेच शरीराच्या कसरतीला फारशी किंमत दिलेली नाही, तेव्हा एवढे मनाला लावून घेऊ नये. आमचे चुकले का? आणि क्लबच्या ऐवजी आम्ही कुटुंब म्हणून काय करू शकतो?
— एक आई

उत्तर : ताई, प्रभूचा दिवस राखला यात तुमचे चुकलेले नाही. बारा वर्षांच्या मुलाला घरातले सगळे सोबत उपासनेला जातात आणि त्यासाठी काही सोडतातही, हे दिसणे मोलाचे आहे.

पण जरा त्याच्या जागी उभ्या राहून पाहा. तुम्ही देवाला रविवारची सकाळ दिलीत. त्याचे मात्र सोमवार ते शनिवारचे मैदानही गेले, सराव गेला, बरोबरीची पोरे गेली. त्याच्या मनातला हिशेब सरळ आहे : चर्चमुळे माझा खेळ बंद झाला. हा हिशेब असाच राहिला, तर आणखी चार वर्षांनी तो बाकावर तुमच्या शेजारी बसेल आणि मनाने तिथे नसेल. क्लबमधून नाव काढले त्या दिवशी बाकीच्या सहा दिवसांची जबाबदारी तुम्हा दोघांवर आली. ती अजून उचललेली दिसत नाही, म्हणून मी स्पष्ट लिहितो आहे.

आधी तुमच्या यजमानांचा मुद्दा. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल कसरतीची तुलना देवभक्तीशी करतो, आणि त्या तुलनेत तिचा उपयोग मर्यादित ठरवतो. ती निरुपयोगी आहे, असे तो म्हणत नाही. त्याच पत्रात पुढे त्याला तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीची काळजी आहे आणि त्यावर तो उपायही सुचवतो. शरीराकडे दुर्लक्ष कर, असे सांगणाऱ्या माणसाचे हे लिहिणे नव्हे. करिंथच्या मंडळीला लिहिताना तर तो शर्यत आणि मुष्टियुद्ध यांचेच दाखले देतो. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत. त्याचे वाचक ते खेळ पाहिलेले लोक होते. यजमानांना माझा सलाम सांगा आणि ही दोन्ही पत्रे त्यांच्याबरोबर बसून वाचा.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात तुमच्या मुलाच्याच वयाचा येशू आहे. नासरेथहून यरुशलेम शंभर किलोमीटरच्या वर. सणाला ते कुटुंब दरवर्षी जाई, येताजाता कित्येक दिवसांची चाल. परतीच्या वाटेवर मुलगा बरोबर नाही हे आईबापांच्या लक्षात यायला अख्खा दिवस गेला, कारण तो नात्यागोत्यातल्या आणि ओळखीच्या माणसांत असेल असे त्यांना वाटले. हा प्रसंग आपण मंदिरातल्या संवादासाठी वाचतो. मला त्यातली वाटचालही महत्त्वाची वाटते. बारा वर्षांचे पोर दिवसभर चालत होते, आणि ते आईचा पदर धरून नव्हे, तर इतर माणसांच्या घोळक्यात. कुटुंब त्याच्याबरोबर होते, पण ते दार लावून घेतलेले कुटुंब नव्हते.

तुम्ही ‘कुटुंब म्हणून काय करू’ असे विचारले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. घरी शिकणाऱ्या मुलांचा खेळ भावंडांपुरता उरतो, हा खरा धोका आहे. मोठा रोज जिंकतो, धाकटा रोज रडतो. मोठ्याला त्याच्या तोडीच्या पोराकडून हरण्याची गरज आहे आणि धाकट्याला कधीतरी जिंकण्याची. पाच माणसांच्या घरात आट्यापाट्या होतच नाहीत, एका बाजूला नऊ गडी लागतात. म्हणून मला तो खेळ तुमच्यासाठी फार सोयीचा वाटतो. तो मांडायचा तर गल्लीत हाक मारावीच लागेल. शेजारची हिंदू आणि मुसलमान पोरे येतील, मिशन कंपाउंडमधली येतील. चुन्याने पाट्या आखा, संध्याकाळी पाचची वेळ ठरवा आणि वेळ मोडू नका. लगोरीला सात चकत्या आणि एक चेंडू पुरतो, माणसे कमीजास्त झाली तरी चालते. कोणीच आले नाही त्या दिवशी लंगडी आणि दोरीच्या उड्या.

किती खेळावे? पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडे-स्नायू बळकट करणारा, म्हणजे धावण्या-उड्या मारण्याचा व्यायाम त्यात असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जेवणानंतरची शतपावली चांगलीच, पण तिने हे भागत नाही. धाप लागली पाहिजे. बागेत खणणे, पाणी भरणे, कोंबड्यांचे खुराडे झाडणे यांनीही अंग कसते, मुलांना ती कामे जरूर द्या. मात्र कामाला खेळ म्हणून त्यांच्या गळ्यात मारू नका. मुलांना फरक कळतो, आणि अशाने कामही नकोसे होते.

आता फुटबॉल. मुलाला फुटबॉल आवडतो, तर त्याच्या हातात विटीदांडू देऊन प्रश्न सुटणार नाही. क्लबच्या कोचना तुम्ही आणि तो मिळून भेटा. रविवारचे सामने सोडून फक्त आठवड्यातल्या सरावाला येऊ द्याल का, असे विचारा. कारण न लपवता सांगा. ते नाही म्हणाले, तर शनिवारी सकाळी चर्चच्या मैदानावर पाच-पाच जणांचा सामना सुरू करा आणि तो जमवण्याचे काम त्याच्याकडेच सोपवा. आणखी एक गोष्ट त्याला आजच सांगा : जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धांची नोंदणी शाळेमार्फत होते, त्यामुळे घरी शिकण्याच्या निर्णयाने ती वाट त्याच्यासाठी बंद आहे. मुलाचे हे नुकसान खरे आहे. ते नाकारले की त्याचा आपल्या शब्दावरचा विश्वास जातो. त्याच्या पायात खरोखरच मोठा खेळाडू दिसू लागला, तर घरी शिकवण्याचा निर्णयही त्याच्यासोबत बसून पुन्हा तपासा. घरी शिकवणे हे काही शास्त्राने घातलेले बंधन नाही.

सुटीच्या दिवशी डोंगर चढा. तुमच्या शहराबाहेर चांदबिबी महालाचा डोंगर आहे, सहा वर्षांचे पोरही चढेल. पुढे थंडीत एकदा कळसूबाई करा. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर, आणि ते तुमच्याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, बारी गावातून चढायचे. कठीण जागी लोखंडी शिड्या आहेत, धाकट्याला पुढेमागे मोठी माणसे हवीत. पावसाळ्यातली सुटीची गर्दी टाळा. आणि यजमानांनी खाली थांबून फोटो काढायचे नाहीत, वर यायचे. संध्याकाळच्या लगोरीतही त्यांचा गडी हवा. ताई, तुमचाही.

प्रश्न : आमच्या मंडळीत रविवारी उपासना संपल्यावर मुले आवारातच क्रिकेट खेळतात. काही ज्येष्ठ सभासदांना हे प्रभूच्या दिवसाचा अवमान वाटतो. त्यांनी स्टंप उचलून कपाटात ठेवले. मुले आता आवाराबाहेर रस्त्यावर खेळतात. काय योग्य?
— मंडळीचा एक सभासद

उत्तर : एरिक लिडेल यांचे नाव आपल्या शब्बाथशाळांत पुष्कळदा घेतले जाते. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून ही त्यांची हातखंडा शर्यत त्यांनी सोडली. वेळापत्रक काही महिने आधी कळले होते, तेव्हा त्यांनी 400 मीटरची तयारी केली आणि 47.6 सेकंदांच्या जागतिक विक्रमासह सुवर्णपदक मिळवले. गोष्ट इथे थांबवली जाते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिच्या पुढच्या भागात आहे.

1925 साली ते मिशनरी म्हणून चीनला गेले. 1943 पासून जपान्यांच्या ताब्यातील वेइशियन येथील नजरकैदेच्या छावणीत होते. तिथे आईबापांपासून तुटलेली पुष्कळ मुले होती. लिडेल त्यांना शिकवत, त्यांचे खेळ घेत. रविवारी मात्र खेळ घेत नसत. मुलांनी एका रविवारी आपणहून हॉकी मांडली, पंच नव्हता, भांडणे झाली. पुढे लिडेल रविवारीही पंच म्हणून मैदानात उतरले, असे त्यांच्या सहवासातली माणसे सांगत. फेब्रुवारी 1945 मध्ये, सुटका होण्याच्या काही महिने आधी, ते त्याच छावणीत वारले. स्वतःच्या पदकासाठी ज्याने रविवार मोडला नाही, तो पोरक्या झालेल्या पोरांसाठी रविवारी मैदानात गेला. मला या दोन निर्णयांत विरोध दिसत नाही.

तुमच्या मंडळीत मुले उपासना चुकवून खेळत नाहीत, उपासना करून खेळतात. जखऱ्या संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायात यरुशलेम पुन्हा वसल्याचे चित्र आहे. त्यात काठी टेकून बसलेले म्हातारे-म्हाताऱ्या आहेत, आणि त्याच रस्त्यांवर खेळणारे मुलगे-मुली आहेत. देवाने दिलेल्या वचनात ही दोन्ही माणसे एकत्र आहेत. तुमच्या ज्येष्ठांचा आदर राखून त्यांना एवढेच विचारा की, मुले रहदारीच्या रस्त्यावर असावीत की त्यांच्या नजरेसमोर? प्रार्थना चालू असताना चेंडू वाजू नये, शेजारी आजारी असेल तर ओरडू नये, एवढे नियम मुलांकडून मान्य करून घ्या. मग स्टंप कपाटातून बाहेर काढा आणि एखाद्या ज्येष्ठांनाच पंच व्हायला सांगा.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी घरीच शिकते. घराजवळच्या व्यायामशाळेत दोरीचा मल्लखांब शिकवतात, तिला फार आवडला आहे. पण तिथे मारुतीची तसबीर आहे, सुरुवातीला सगळे हात जोडून श्लोक म्हणतात. पाठवावे का?
— पुण्याहून एक आई

उत्तर : ताई, अशी शंका पुष्कळांना असते, आणि बहुतेक जण वर्ग गुपचूप सोडून देतात. तसे करू नका. पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवे जीवन दिले. ती महाराष्ट्राच्या मातीतली आहे, आणि ही माती आपलीही आहे.

आधी वस्तादांना भेटा. आपण ख्रिस्ती आहोत, मुलगी वेळेवर येईल, श्लोक चालू असेल तोवर शांत उभी राहील, पण म्हणणार नाही, असे नम्रपणे सांगा. वस्तादांना वाकून नमस्कार करण्यात अडचण मानू नका, गुरूचा मान राखणे ही आपल्या देशाची रीत आहे आणि ती पूजा नव्हे. तसबिरीपुढे हात जोडणे मात्र तिने टाळावे, असे माझे मत आहे. नामान या सेनापतीने रिम्मोनच्या देवळात राजाबरोबर वाकावे लागते म्हणून अलीशाकडे क्षमा मागितली, तेव्हा संदेष्ट्याने त्याला शांतीने जा म्हटले. पण नामान राजाच्या चाकरीत बांधलेला होता. तुमची मुलगी बांधलेली नाही, तिला आधीच सवलत मागता येते. वस्ताद ‘श्लोक म्हटलाच पाहिजे’ म्हणाले, तर आभार मानून दुसरी जागा शोधा. घरी छताला दोर बांधून मात्र हे शिकवू नका, पडून मान मोडण्याची भीती आहे.

तिथल्या देवाविषयी घरात मुलीसमोर उणे बोलू नका. ज्यांच्याबरोबर ती रोज घाम गाळणार, त्यांच्या श्रद्धेचा अनादर करून तिची श्रद्धा वाढणार नाही. आणि तिला स्वतःलाच विचारा : सगळे म्हणत असताना गप्प उभे राहणे तुला जमेल का? दहाव्या वर्षी काही मुलांना जमते, काहींना फार जड जाते. जड जात असेल, तर वर्षभर थांबा.

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची झाली. घरच्या खेळात आता तिने भावांबरोबर आणि गल्लीतल्या मुलांबरोबर धावू नये, मर्यादेला शोभत नाही, असे मला वाटते. बरोबर ना?
— एक वडील

उत्तर : नाही. मर्यादा वागण्यात आणि बोलण्यात असते, ती तुमच्या मुलीला शिकवा आणि तितकीच गल्लीतल्या मुलांनाही. हाडे मजबूत होण्याची हीच वर्षे आहेत, याच वयात तिला बसवून ठेवले तर ते पुढे भरून निघत नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मुलींना शेतात आणि छापखान्यात राबायला शिकवले, ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी. धावता येईल असे अंगभर कपडे तिला घेऊन द्या, पाळीच्या दिवसांत खेळायचे की नाही ते तिचे तिला ठरवू द्या, आणि मोठ्या मुलांची धक्काबुक्की होत असेल तर तुम्ही स्वतः मैदानात उभे राहा. तिच्या वयाच्या आणखी दोन-तीन मुलींच्या घरी जाऊन त्यांच्या वडिलांशीही बोला. त्या मुलीही बहुधा याच कारणाने घरात बसल्या असतील.